पातं कलतं तेव्हा

मायटर सॉवर सरळ काप मारण्यात मुरलेला मिस्त्रीच तिरक्या कापात गोत्यात येतो. बोटं कुठं ठेवायची हे हाताला पाठ झालेलं असतं, आणि मशीनचं डोकं कलवलं की पातं नेहमीच्या जागी उतरत नाही.

होटगीत एका नव्या घराच्या कामावर हे मी जवळून पाहिलं. छताच्या कडेला सागवानी क्राउन मोल्डिंग बसवत होतो. जोडीदारानं डोकं कलवून काप मारला आणि पातं फिरत असतानाच वर उचललं. कलत्या पात्याखाली अडकलेला बोटभर तुकडा दात्यांत सापडला आणि माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला. तेव्हापासून हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी हेच सांगतो: काप संपला की बटण सोड, पातं खालीच पूर्ण थांबू दे, मगच उचल.

खरं तर बहुतेक वेळा डोकं कलवायची गरजच नसते. पट्टी उलटी धरायची. मशीनचा पाट म्हणजे छत, मागचा फेन्स म्हणजे भिंत. काटकोनी कोपऱ्याला टेबल ४५ अंशांवर फिरवलं की झालं. पट्टी फेन्सला उंच पडत असेल, तरच ती आडवी टाकून दुहेरी कोन लावा. भिंतीशी ३८ आणि छताशी ५२ अंशांत बसणाऱ्या पट्टीला टेबल ३१.६ आणि डोकं ३३.९, ४५-४५च्या पट्टीला ३५.३ आणि ३०. पण हे आकडे कोपरा बरोबर ९० असेल तरच. आमच्या गवंड्यांच्या प्लास्टरात तो क्वचितच भेटतो! कोपरा ९२ निघाला, तर त्याच ३८च्या पट्टीला ३०.७ आणि ३३.२ लागतात. आधी कोपरा मोजा, दोन टाकाऊ तुकड्यांवर सांधा जुळवून बघा, मग महागडं लाकूड घ्या.

कोन बदलला की प्लग काढून डोकं हातानं खालपर्यंत आणा. पातं फेन्सला किंवा क्लॅम्पला घासतंय का ते तिथंच कळतं. फेन्सचा वरचा भाग सरकणारा असेल तर बाजूला घ्या. पट्टी क्लॅम्पनं आवळा, हात पात्यापासून किमान ६ इंच लांब, आणि एका हातावरून दुसरा हात कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. उन्हाळ्यात घाम पुसायला गळ्यात सोलापुरी टॉवेल असतो, तो मशीनपाशी येण्याआधी खुंटीला. हातमोजेही नकोत, दात्यांत धागा अडकला तर हात ओढला जातो. बटण टेपनं बांधून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत. लाइट जाऊन परत आली की ती मशीन आपोआप सुरू होते.

कोपऱ्यात शेवटी इंच-दीड इंचाचा तुकडा भरायची वेळ येतेच. त्यासाठी लांब पट्टीच्या टोकाला मशीनवर तिरका काप मारून घ्या, आणि तुकडा वेगळा करायला हातकरवत वापरा.