कुत्र्याला घेऊन कचारगडला दोन रात्री

सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतले भाविक धनेगावात जमतात आणि तिथून कचारगडच्या गुहेकडे चढतात. त्या गर्दीत कुत्रा नेऊच नये. मार्गशीर्ष-पौषात मात्र धान कापून झालेलं असतं, डोंगर शांत असतो. तेव्हा जावं, पण पाहुण्यासारखं.

सोबत घ्या: गळपट्टा, दोन मीटरचा पक्का दोर, रिकामं पोतं, घोंगडी, पाण्याचं भांडं, रोजचं खाणं, बारीक चिमटा, टॉर्च.

कृती

१. महिनाभर आधी रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी पूर्ण करा. डिस्टेंपर कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांपर्यंत पोचतो; २०१८ मध्ये गीरच्या जंगलात या विषाणूने सिंह दगावले होते. ही लस जंगलासाठीही आहे.

२. धनेगाव, दरेकसा किंवा सालेकसा इथे खोली ठरवताना कुत्रा सोबत असल्याचं घरमालकाला आधीच सांगा. दार आतून नीट लागतं का, हेही विचारा. डोंगरात कुत्रा कुठवर चालेल, ते वनविभागाकडून समजून घ्या. जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर लिहून ठेवा.

३. पोचल्यावर पोत्यात कोरडी तणीस (भाताचा पेंढा) भरा, तोंड शिवा आणि वर घोंगडी अंथरा. फरशीचा गारवा वर येत नाही. पोतं दाराच्या फटीपासून दूर ठेवा.

४. अंधार पडण्याआधी कुत्र्याला फिरवून आणा आणि रात्री खोलीतच झोपवा. अंगणात बांधू नका. बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार, आणि बांधलेल्याला पळताही येत नाही.

५. सकाळी दोर हातात धरूनच फिरवा. गावातल्या कोंबड्या-शेळ्यांपासून लांब ठेवा. शेताच्या कडेला तार दिसली तर मागे फिरा. रानडुकरांसाठी तिच्यात वीज सोडलेली असू शकते.

६. गुहेत कुत्रा नेऊ नका. ते देवस्थान आहे. एकाने कुत्र्याजवळ थांबावं, दुसऱ्याने दर्शन घ्यावं, मग अदलाबदल करावी.

७. परतल्यावर कानांच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून हळूहळू सरळ ओढा. रॉकेल लावू नका, चिरडू नका. जागा साबणाने धुवा.

८. निघताना विष्ठा, उरलेलं खाणं आणि प्लास्टिक उचलून सोबत न्या. तणीस घरमालकाला विचारूनच टाका.

घरी आल्यावर आठवडाभर रोज अंग तपासा. ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. गोचिडीतून होणारा ताप वेळेत उपचार मिळाले तर बरा होतो.

दोन रात्री दोर हातातून सोडू नका. कुत्रा सुखरूप घरी येईल, आणि पुढच्या वेळी गाव तुम्हाला दोघांनाही खोली देईल.