तयार चित्रफीत आपल्या गावी वापरताना

वरूड तालुक्यातील संत्रा-बागायतदारांच्या मोबाईलमध्ये आज शेतीविषयक चित्रफितींची उणीव नाही. कोणी पंजाबातील किन्नोच्या बागेची फीत पाठविलेली असते, कोणी जालन्याकडील मोसंबीची, तर कोणी थेट स्पेनमधील छाटणीची. गावपातळीवरील कार्यकर्त्यासही सभेसाठी अशी तयार फीत हाती लागली की हायसे वाटते. कारण नवी फीत तयार करावयाची म्हणजे वेळ, पैसा आणि योग्य हंगाम या तिन्हींची जुळणी करावी लागते. डिंक्या रोगाचे खोडावरील लक्षण एखाद्याने उत्तम टिपलेले असेल, तर तेच पुन्हा टिपण्यात शहाणपण नाही. तयार साहित्य अवश्य वापरावे. परंतु ते जसेच्या तसे वापरावे काय, आणि नसल्यास त्यात काय बदलावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मलमाविषयी सभा घ्यावयाची होती. खोडास कुंचल्याने मलम लावतानाची चित्रे एका फितीत चांगली होती, तर दुसऱ्या फितीतील निवेदन मराठीत व स्वच्छ होते. मी पहिलीची चित्रे व दुसरीचा आवाज जोडला. निवेदन मात्र बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे फवारणीच्या एक टक्का द्रावणाचे होते. मलमासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी लागते. एक टक्का मिश्रणात तेवढ्याच मोरचूद-चुन्यास 100 लिटर पाणी असते. सभा संपताना मागे बसलेल्या एका वृद्ध बागायतदाराने विचारले, "साहेब, हे मलम हाये का फवाऱ्याचं पानी हाये?" मी घाईत 'मलम' एवढेच उत्तर देऊन निघालो. पंधरवड्याने त्या गावी गेलो तेव्हा काही बागांतील खोडांवर निळसर पाण्याचे पुसट ओघळ तेवढे दिसले. दहापट पातळ द्रावण कुंचल्याने लावले गेले होते, ते पावसाने धुऊन गेले होते आणि मजुरी वाया गेली होती. डिंक वाहतच होता. चित्रे बरोबर होती, आवाजही बरोबर होता. जोड चुकीची होती, आणि ती मी केली होती.

एकाच साहित्याचा अनेक गावी उपयोग करण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. 1956 साली पुणे आकाशवाणी केंद्रावरून ग्रामीण श्रोत्यांसाठी वीस कार्यक्रमांची एक मालिका प्रसारित झाली आणि सुमारे दीडशे गावांतील श्रोतृमंडळांनी ती एकत्र बसून ऐकली. कार्यक्रम सर्वांसाठी एकच होता. परंतु तो संपल्यावर प्रत्येक मंडळाने चर्चा करावयाची, आपल्या गावास त्यातील काय लागू पडते ते ठरवावयाचे आणि शंका केंद्राकडे पाठवावयाच्या, अशी योजना होती. पुढे 2006 साली बंगलोर येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेत सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या प्रयोगानेही हाच मार्ग धरला. त्यात फितीवर त्या भागातीलच शेतकरी दिसत आणि गावातील एक माणूस फीत मध्ये मध्ये थांबवून बघणाऱ्यांस प्रश्न विचारी. फीत थांबविणारा माणूस हाच त्या साऱ्या व्यवस्थेचा कणा होता, असे माझे मत आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. किन्नोची फीत वरूडला दाखविण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या बागांतील फरक ध्यानात घ्यावा. पंजाबात हिवाळ्याची कडक थंडीच झाडास विसावा देते आणि वर्षातून एकदा, वसंतात, बहार येतो. नागपुरी संत्र्यास आपल्याकडे अंबिया व मृग असे बहार धरता येतात, आणि अंबियासाठी झाडास पाण्याचा ताण द्यावा लागतो. तो किती दिवस द्यावा हे जमिनीवर अवलंबून असते. हलक्या जमिनीत तो थोडक्यात आटोपावा लागतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकत असल्याने अधिक दिवस लागतात. ही सारी गोष्ट किन्नोच्या फितीत मुळीच येणार नाही. ती पाहून एखाद्याने डिसेंबरात नियमित पाणी चालू ठेवले, तर त्याचा अंबिया बहार बिघडेल. तीच गोष्ट कालव्याच्या पाण्यावरील बागांच्या फितींची. भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून वरूडची नोंद अनेक वर्षे आहे. 2019 च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी भागातील कित्येक बागा पाण्याअभावी वाळल्या. पाच-सहा वर्षे वाढविलेले झाड वाळते तेव्हा शेतकऱ्याचे किती नुकसान होते, हे या भागात कोणास सांगावयास नको.

म्हणून तयार साहित्य हाती आले की त्याचे प्रथम दोन भाग पाडावेत. एक भाग टिकाऊ असतो. डिंक्याची खूण, कोळशीने काळवंडलेली पाने, दुहेरी आळे पद्धतीत खोडाला पाणी लागू नये म्हणून काढलेले आतील आळे, कलम जमिनीपासून किती उंच बांधले आहे ते दाखविणारे चित्र, हे सारे दहा वर्षांनीही तसेच उपयोगी पडेल. दुसरा भाग नाशिवंत असतो. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, अनुदानाची योजना, बाजारभाव, तारखा ही त्याची उदाहरणे होत. जुन्या पत्रकांत संत्र्यावरील कोळ्यांसाठी डायकोफॉल व इतर किडींसाठी फॉस्फामिडॉन यांची नावे आढळतात. यांपैकी फॉस्फामिडॉन 31 डिसेंबर 2020 पासून आणि डायकोफॉल 2023 च्या केंद्रीय आदेशाने बंद झाले आहे. फीत मात्र बंद होत नाही. ती मोबाईलवरून मोबाईलवर फिरत राहते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, ही घटना आपल्या शेजारची आहे. फवारणीचे साहित्य पुन्हा वापरताना तिचे स्मरण असावे.

यास्तव नाशिवंत भाग फितीतून कापून टाकावा व त्याऐवजी एक मिनिटाचा वेगळा तुकडा किंवा साधे छापील पत्रक ठेवावे. हा तुकडा दरवर्षी बदलता येतो. मूळ फितीस हात लावावा लागत नाही. त्यातील प्रत्येक शिफारस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या कृषि संवादिनीशी ताडून पाहावी. शंका राहिल्यास नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा जिल्ह्यातील घातखेड व दुर्गापूर येथील कृषि विज्ञान केंद्रे यांस विचारावे. प्रमाण सांगताना 'लिटरला इतके' एवढ्यावर थांबू नये. शेतकरी 'पंपाला किती?' असे विचारतो. तेव्हा पंपाची क्षमता सांगून हिशोब मांडून द्यावा.

भाषा बदलण्याची एक चांगली रीत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने घालून दिली आहे. तेथे संगणकशिक्षणाच्या सुमारे दहा मिनिटांच्या फिती तयार होतात. चित्र तेच राहते व निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत नव्याने ध्वनिमुद्रित होते. त्यासाठी कागदावर दोन रकाने आखतात. डावीकडे फितीतील वेळ व उजवीकडे त्या वेळी बोलावयाचे वाक्य. चित्र व शब्द यांची फारकत यामुळे तत्काळ नजरेस येते. माझ्या बोर्डोच्या फितीसाठी असा कागद मी तयार केला असता, तर कुंचल्याच्या चित्रासमोर '100 लिटर' हे शब्द मलाच खटकले असते.

निवेदन शक्यतो गावातील बागायतदाराकडूनच वदवून घ्यावे. आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो. कोळशीला 'कोयशी' म्हणणारा माणूस बोलू लागला की सभा सरसावून बसते, हा अनुभव आहे. त्याचे उच्चार शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. आकडे मात्र दोनदा म्हणवून घ्यावेत. मुद्रण बंद खोलीत, पंखा थांबवून करावे.

हक्कांविषयी दोन शब्द. पुष्कळांचा असा समज असतो की सरकारी फीत म्हणजे सर्वांची. तसे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शासकीय साहित्यासही प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षण आहे, आणि भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा अधिकार हक्कधारकाकडेच असतो. यूट्यूबवर दिसते म्हणून कापता-जोडता येते असेही नाही. काही निर्माते मात्र आपणहून मोकळीक देतात. त्यासाठी 2002 पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने प्रचारात आहेत. त्यांत चार अटी निरनिराळ्या प्रकारे एकत्र येतात : मूळ कर्त्याचे नाव द्यावे, व्यापारासाठी वापरू नये, बदल करू नये, आणि बदललेले साहित्य त्याच परवान्याने इतरांस द्यावे. यांतील 'बदल करू नये' ही अट असेल तर ती फीत अखंड दाखवावी, तिला नवा आवाज देऊ नये. परवाना नसल्यास एक पत्र लिहून संमती मागावी. कृषिसंस्था बहुधा संमती देतात, आणि कित्येकदा आवाजाविना मूळ चित्रणही पाठवितात, ज्यामुळे आपले काम निम्मे होते.

बदललेल्या फितीच्या आरंभी मूळ कर्त्याचे नाव, आपण केलेला बदल, तपासणाऱ्याचे नाव आणि महिना व वर्ष ही माहिती पडद्यावर दिसू द्यावी. तीच कार्यालयातील नोंदवहीत लिहावी. पुढे शिफारस बदलली तर कोणत्या गावांत कोणती फीत दाखविली होती हे त्या नोंदीवरून कळते व तेथे जाऊन दुरुस्ती सांगता येते. जुनी प्रत गटांतून काढून टाकण्याची विनंती करावी. ती सर्वत्र पाळली जाईलच असे नाही, म्हणून तारीख चित्रावरच असणे अगत्याचे.

बोर्डो मलमाची ती फीत मी पुन्हा केली. तीत प्लॅस्टिकच्या दोन बादल्या शेजारी ठेवल्या आहेत. एकीत 5 लिटर पाण्यात मोरचूद, दुसरीत 5 लिटर पाण्यात चुना. दोन्ही एकत्र झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून पाहतात. त्यावर लालसर थर आला तर आणखी चुना घालतात. मग जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत खोडाला जाड लेप. निवेदन त्याच वृद्ध बागायतदाराचे आहे, आणि त्याचे पहिले वाक्य त्याने स्वतःच ठरविले : "हे मलम हाये, फवाऱ्याचं पानी नोहे."