कर्जाच्या पैशातली गाडी

परदेशी शिकायला निघालं की बँकेच्या मंजुरीपत्रात फी, राहणं-खाणं, विमा, पुस्तकं, लॅपटॉप, विमानभाडं अशी खर्चाची यादी येते. गाडी त्यात नसते. तरी टेक्ससमधल्या पहिल्याच सेमिस्टरला माझ्या राहण्या-खाण्याच्या रकमेतले ६,००० डॉलर एका जुन्या सेडानवर गेले.

गाडी का हवीशी वाटते, ते आर्लिंग्टनला राहिल्यावर कळतं. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधल्या, सुमारे ४ लाख वस्तीच्या या शहरात ठरलेल्या मार्गावरून धावणारी सिटी बस नाही. ॲपवर बोलवायची सामायिक व्हॅन आहे, तीही २०१७च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली. ऑगस्टच्या उन्हात किराणा आणायला चालत जाणं ही शिक्षाच. सीनियर म्हणतात, ‘घेऊन टाक गं, जाताना विकशील.’ सल्ला खोटा नसतो. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी गाडी इंटर्नशिपच्या पगारातून घेतलेली असते, हे बोलण्यात येत नाही.

अमेरिकेत डीलरला जुन्या गाडीच्या काचेवर एक कागद लावावाच लागतो. माझ्या गाडीच्या कागदावर ‘ॲज इज’पुढे खूण होती. म्हणजे गाडी आवाराबाहेर पडली की तिची दुखणी तुमची. दुसऱ्या सेमिस्टरला ट्रान्समिशन गेलं. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या निम्म्या किमतीचा निघाला. टेक्ससचा किमान सक्तीचा विमा समोरच्याचं नुकसान भरून देतो, आपल्या गाडीच्या बिघाडाशी त्याला देणंघेणं नसतं. शेवटी ती भंगाराच्या भावात गेली. कर्ज मात्र राहिलं.

आता हिशेब बघा. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ६,००० डॉलर म्हणजे ५ लाख १० हजार. साडेदहा टक्क्यांनी दोन वर्षांचा कोर्स आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष मिळून सरळव्याजच सुमारे १ लाख ६० हजार होतं. ते मुद्दलात मिळवून १० वर्षांत फेडायचं तर दरमहा जवळजवळ ९ हजारांचा हप्ता, एकूण पावणेअकरा लाखांच्या वर. विकत घेतानाचा सव्वासहा टक्के कर, नोंदणी आणि विमा यात धरलेलेच नाहीत. नव्या ड्रायव्हरला विमा महाग पडतो, कारण आपला भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव बऱ्याच कंपन्या जमेस धरत नाहीत.

माझ्या मते सगळा घोळ एका समजुतीतून होतो: मंजूर झालेली रक्कम म्हणजे आपलेच पैसे. व्याज चढतं ते उचललेल्या रकमेवर. म्हणून दर सेमिस्टरला लागेल तेवढीच उचल घ्या. भाडं, किराणा आणि विद्यार्थी विम्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि शिल्लक उरली तर पुढची उचल कमी करा. सहकर्जदार म्हणून सही आई-बाबांची असते, कित्येकदा घरही तारण असतं. यादीबाहेरचा खर्च त्यांच्यापासून लपवावासा वाटला, तर तो करू नये हे उत्तर तिथंच मिळालं.

पहिलं वर्ष कॅम्पसपासून चालण्याच्या अंतरावर खोली घ्या. भाडं थोडं जास्त पडलं तरी गाडीच्या विम्यापेक्षा आणि पेट्रोलपेक्षा बहुधा स्वस्तच पडतं. रूममेटबरोबर गाडी सामायिक घ्यायची असेल, तर ती कुणाच्या नावावर हे लेखी ठरवा आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव विम्यात घाला.

इंटर्नशिप लागली, गाडीशिवाय कामावर जाता येत नाही, अशी वेळ आली तर पगारातून घ्या. मात्र पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. त्याचे शे-दीडशे डॉलर देताना हात आखडू नका. गाडीचा १७ अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) टाकून अपघातांचा इतिहास आणि कंपनीचे रिकॉल बघा. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रिबिल्ट’ लिहिलेलं असेल तर स्वस्ताईला भुलू नका. २०१७च्या हार्वे वादळात टेक्ससमधल्या लाखो गाड्या पाण्यात गेल्या होत्या. अशी गाडी गळ्यात पडू नये म्हणून गालिच्याचा कुबट वास आणि सीटखालचा गंज स्वतः तपासा. खासगी व्यवहार असेल तर विकणाऱ्याला सोबत घेऊनच काउंटी टॅक्स ऑफिसात जा आणि टायटल तिथं नावावर करून घ्या.

आणि मेकॅनिककडे जाऊ द्यायला विकणारा तयार नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी दुसरी गाडी बघा.