भाववाढ, शेतकरी व गांवचा दुकानदार



गेल्या सत्रांत इतिहासाच्या तासाला एका मुलानें मला प्रश्न केला : "सर, भाव वाढले म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावयास पाहिजेत, मग भाव वाढले कीं आमच्या घरीं ओढाताण कां होते?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. त्या वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरीं शेती किंवा लहानसें दुकान आहे. म्हणून तें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देण्याचें योजिलें आहे. पालकांनींहि तें वाचावें, अशी विनंति आहे.

प्रथम शेतकऱ्याचा विचार करूं. शेतकरी म्हणजे माल विकणारा, असें आपण समजतों; पण लहान शेतकरी जितका विकणारा तितकाच विकत घेणाराहि असतो. बियाणें, खत, डिझेल, कापड, औषध, तेल, मीठ हें सर्व त्यास बाजारांतून आणावें लागतें. आणि पुष्कळदां स्वतः पिकविलेलें धान्यहि पुढें विकत घ्यावें लागतें. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं.

एका कुटुंबास रब्बीची आठ क्विंटल ज्वारी झाली. वर्षाला खावयास सहा क्विंटल लागते. म्हणजे खरी शिल्लक दोन क्विंटलांची. परंतु मळणी होतांच घेणेकरी दारांत उभे राहतात. खताची उधारी, औषधपाणी, मुलांची फी हीं भागविण्यासाठीं तें कुटुंब पांच क्विंटल ज्वारी २,५०० रुपये भावानें विकून १२,५०० रुपये उभे करतें. घरांत उरलेली तीन क्विंटल भाद्रपदाच्या सुमारास संपते. तोंवर भाव ३,५०० रुपयांवर गेलेला असतो. खावयास कमी पडणारी तीन क्विंटल ज्वारी आणण्यास १०,५०० रुपये लागतात. आतां वजाबाकी करून पाहा : दोन क्विंटल शिलकेचे त्या कुटुंबास पडले केवळ २,००० रुपये. शेजाऱ्याची शिल्लकहि तेवढीच होती. पण त्यास मळणीच्या वेळीं पैशांची निकड नव्हती. त्यानें आपलीं दोन क्विंटलें भाद्रपदांत विकलीं व ७,००० रुपये घेतले. पीक तेंच, बाजार तोच, भावहि तोच. एकास थांबण्याची ऐपत होती, दुसऱ्यास नव्हती. एवढाच काय तो फरक. ज्यास जमीनच नाहीं, त्या मजुराची गोष्ट याहून कठीण. कारण त्याला सर्वच धान्य विकत घ्यावयाचें असतें, आणि मजुरी भावाच्या मागून, फार सावकाश वाढते.

आतां गांवच्या लहान दुकानदाराकडे वळूं. भाव चढले कीं "वाण्याची चंगळ झाली," असें लोक म्हणतात. त्याचीहि वही उघडून पाहूं. समजा, त्यानें १०,००० रुपयांच्या भांडवलावर प्रत्येकीं २,००० रुपयांप्रमाणें तेलाचे पांच डबे आणले व ते गांवांत उधारीवर डब्यामागें २,१०० रुपयांप्रमाणें दिले. सुगीनंतर, म्हणजे चार महिन्यांनीं, सर्वांनीं प्रामाणिकपणें पैसे चुकते केले व त्याच्या हातीं १०,५०० रुपये आले. वहींत ५०० रुपये नफा दिसतो. परंतु तो तालुक्याच्या गांवीं माल भरावयास जातो, तेव्हां डबा २,५०० रुपये झालेला असतो. १०,५०० रुपयांत चारच डबे येतात व ५०० रुपये उरतात. वहींत नफा झाला आणि दुकानांतील एक डबा कमी झाला! असें दोन-चार वेळां घडलें म्हणजे फळ्या रिकाम्या होतात, व एके दिवशीं दुकानास कुलूप लागतें. मोठा व्यापारी गोदाम भरून ठेवतो व रोखीनें विकतो. याला शेजारधर्मामुळें उधारी बंद करतां येत नाहीं, आणि भांडवल थोडें असल्यामुळें माल सांठवितांहि येत नाहीं.

ही अवस्था आजचीच आहे असें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतच तिचा मोठा दाखला घडून गेला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां त्यांची दृष्टि आपल्या देशाकडे वळली व कापसाचे भाव भराभर चढले. मुंबईंत पैशाचा पूर आला. त्याच काळांत रेल्वेचीं कामें जोरांत चाललीं होतीं. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यामुळें कापूस फारसा न पिकविणाऱ्या पुणें व नगर या जिल्ह्यांतहि धान्याचे भाव आणि मजुरी वाढली. शेतकऱ्यास वाटलें, सुदिन आले. सावकारहि हात सैल सोडून कर्ज देऊं लागले. पण १८६५ सालीं युद्ध संपलें व कापूस कोसळला. पुढें धान्याचे भावहि उतरले. इकडे १८६७ सालापासून इंदापूर व इतर तालुक्यांत जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली, ती मात्र चढलेले भाव जमेस धरून. भाव खालीं आले. परंतु चांगल्या दिवसांच्या भरंवशावर काढलेलें कर्ज आणि वाढलेला सारा हीं खालीं आलीं नाहींत. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि तें लोण आसपासच्या गांवीं पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, व रोख्यावरील आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

दूरच्या युद्धाची झळ गांवच्या चुलीस कशी लागते, हें २०२२ सालींहि आपण पाहिलें. रशिया व युक्रेन यांचें युद्ध सुरू होतांच सूर्यफुलाचें तेल व खतें जगभर महागलीं. त्याच वर्षीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद ठेवली. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. तेव्हां तो भाव आपल्या पळीपर्यंत पोंचणें अटळ होतें.

मग उपाय काय? थांबण्याची ऐपत गरिबासहि लाभावी, हाच मुख्य उपाय होय. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच हेतूनें चालते. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामांत ठेवून शेतकऱ्यास त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळूं शकतें, व भाव सुधारल्यावर माल विकतां येतो. अर्थात् थांबणें हेंहि सर्वस्वीं निर्धोक नाहीं. ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हां चांगल्या भावाच्या आशेनें कांदा राखून ठेवणाऱ्यांचें नुकसान झालें. म्हणून सर्व माल राखूं नये व सर्व एकदम विकूंहि नये. प्रथम घरच्या सहा क्विंटलांची कणगी भरावी. मग उरलेल्याचा विचार करावा.

मुलांनों, तुम्हांसहि यांत कांहीं करतां येईल. घरीं हिशेबाची वही नसेल तर ती आजच घाला. रुपयांच्या आंकड्याशेजारीं किती धान्य विकलें व किती विकत आणलें, हेंहि लिहा. म्हणजे खरा नफा-तोटा दिसूं लागेल. सुगी झाल्यावर गांवच्या दुकानदाराची उधारी सर्वांआधीं चुकती करण्याची आठवण वडिलांस द्या. कारण भाववाढीच्या दिवसांत त्याच्या वहींत पडून राहिलेला आपला रुपया रोज झिजत असतो, व ती झीज तो मुकाट्यानें सोसत असतो. आणि ज्या मुलानें मला प्रश्न विचारला, त्यास माझें उत्तर इतकेंच : बाळ, तुझ्या घरचे कष्ट कमी नाहींत व शहाणपणहि कमी नाहीं, कमी आहे ती उसंत. ती मिळविण्याचा मार्ग हिशेबापासून सुरू होतो.