गावातील घर आणि कर्जाचे तारण

शेतजमिनीच्या आधारावर पीककर्ज मिळणे ही ग्रामीण भागात परिचित गोष्ट आहे. सात-बाराचा उतारा पाहून सहकारी सोसायटी अथवा बँक कर्ज मंजूर करते. परंतु त्याच शेतकऱ्याने गावठाणातील पिढीजात घर पाडून नवे बांधावयाचे ठरविले, किंवा एखाद्या शिक्षकाने नोकरीच्या गावी तयार घर विकत घ्यावयाचे ठरविले, तर त्या घराच्या तारणावर कर्ज मिळविणे पुष्कळदा अवघड जाते. घर भक्कम असते, मालक परतफेडीस समर्थ असतो. उणीव असते ती जागेच्या कागदाची.

या उणिवेचे मूळ जुने आहे. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची पद्धत १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात घालून दिली. शेतसारा ठरविणे हा त्या मोजणीचा मुख्य हेतू होता. साहजिकच लागवडीच्या जमिनीचा तुकडा न् तुकडा मोजला गेला. गावठाणाची मात्र केवळ बाहेरची हद्द कायम झाली. आतील घरे, वाडे, परसू आणि बोळ यांच्या स्वतंत्र नोंदी झाल्या नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ मध्ये गावठाणाच्या मोजणीची तरतूद आहे. तथापि तिचा लाभ दीर्घ काळ मुख्यत्वे शहरांना आणि मोठ्या गावांनाच झाला.

कर देणे म्हणजे मालकी नव्हे

गावठाणातील घरमालकाजवळ सर्वसाधारणपणे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून वसूल करावयाचा, एवढेच ती सांगते. मालकी सिद्ध करण्यास ती पुरेशी नाही. हा भेद अनेकांच्या लक्षात येतो तो कर्जाचा अर्ज परत आल्यावर.

कर्ज देणारी संस्था तारणाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासते. मालक कोण, चतु:सीमा कोणत्या, आणि कर्ज थकल्यास ती मालमत्ता कायदेशीर मार्गाने विकता येईल काय. शेतजमिनीवर बांधलेल्या घराबाबत तिसरा प्रश्न विशेष अडचणीचा ठरतो. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला; परंतु शेतजमिनीवरील तारण त्या कायद्यातून वगळलेले आहे. म्हणूनच बिनशेती परवानगीचा आग्रह धरला जातो.

तारण नसल्याची किंमत किती पडते, हे एका हिशेबावरून दिसेल. उदाहरणादाखल धरलेल्या दरांनी, ५ लाख रुपयांचे गृहकर्ज ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे ५,०७१ रुपये हप्ता बसतो. तेवढीच रक्कम विनातारण कर्ज म्हणून १४ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतली, तर हप्ता सुमारे ११,६३४ रुपये होतो. दुसरा हप्ता अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येते ती याच टप्प्यावर.

शासनाचे पाठबळ

ग्रामीण घरबांधणीस शासनाचे साहाय्य दोन मार्गांनी मिळत आले आहे. पहिला मार्ग अनुदानाचा. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. तिच्या केंद्रीय निकषानुसार सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असावे, अशी अट घालण्यात आली. इच्छुक लाभार्थ्यास ७० हजार रुपयांपर्यंत संस्थात्मक कर्ज घेण्याची मुभाही ठेवण्यात आली.

दुसरा मार्ग कर्जपुरवठ्याचा. १९८८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आवास बँक गृहकर्ज देणाऱ्या संस्थांना पुनर्वित्त पुरविते. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, ग्रामीण गृहकर्जासाठी स्वतंत्र योजना आखण्यात आली. जानेवारी २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामीण घरांसाठी २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज अनुदानाची योजना मंजूर केली. अशा उपायांनी पैसा उपलब्ध होतो आणि व्याजाचा भारही हलका होतो. परंतु जागेच्या मालकीतील दोष त्यांनी दूर होत नाही.

तो दोष दूर करण्याच्या दृष्टीने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली स्वामित्व योजना महत्त्वाची आहे. ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे त्यापूर्वीच केला होता. या पद्धतीत ग्रामसभेत माहिती देऊन मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने छायाचित्रे घेतो आणि भूमी अभिलेख विभाग चौकशी करून हरकती ऐकतो. त्यानंतर मिळकत पत्रिका तयार होते. १८ जानेवारी २०२५ रोजी देशातील ५० हजारांहून अधिक गावांतील ६५ लाखांवर पत्रिकांचे वितरण झाले.

पत्रिका मिळाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नव्हे. आजोबांच्या नावे असलेल्या घरात मुलगे आणि मुली असे सर्वच वारस हिस्सेदार असतात. एकाच भावाने लिहून दिलेले गहाणखत अथवा खरेदीखत पुढे वादाचे कारण ठरते. वारसनोंद वेळीच करून घेणे आणि चौकशीच्या दिवशी सर्व हिस्सेदारांनी हजर राहणे अगत्याचे आहे. त्या दिवशी न घेतलेली हरकत पुढे दिवाणी न्यायालयात खर्चिक ठरते.

घर विकत घेणाऱ्याने विसाराची रक्कम देण्यापूर्वीच पुढील गोष्टी पाहाव्यात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा अलीकडचा उतारा घ्यावा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहून पूर्वीचे व्यवहार तपासावेत. मिळकतीवर बोजा नाही, घरपट्टी थकलेली नाही आणि सर्व वारसांची लेखी संमती आहे, याची खात्री करावी. घर शेतजमिनीवर असल्यास सात-बारा व बिनशेती आदेश मागावा. विसार दिल्यानंतर कर्ज नाकारले गेले, तर दिलेली रक्कमही अडकून पडते.

शेताच्या नोंदीने शेतकऱ्याची बँकेतील पत उभी राहिली. गावठाणातील घराची नोंदही तितकीच नेमकी झाली, तर शासकीय साहाय्याचा पूर्ण उपयोग गावकऱ्यांना करून घेता येईल. त्यासाठी आपली नोंद तपासून घेणे, तीत चूक असल्यास ती मुदतीत दुरुस्त करून घेणे, हे प्रत्येक घरमालकाचे काम आहे.