नवी टाकी चढवण्याआधी

बाबू, गाडीची डिझेलची टाकी आली म्हणालास, बरं झालं. पण आज लगेच चढवू नको. आधी जुनी टाकी खळ्यात आणून उलटसुलट कर आणि नीट बघ. भोक बुडाला शोधशील, तर तिथे पत्रा अजून धड आहे. टाकी गेली ती वरून. टपाच्या मागच्या कोपऱ्यात तांबड्या मातीचा थर घट्ट बसलाय, तो स्क्रू ड्रायव्हरने उचकट. खाली पत्रा उरलेलाच नाही, पापडासारखे पदर सुटून येतील. दुसरी जागा पट्ट्याखालची. तिथे टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार भोकं दिसतील. डिझेलचा वास तिथूनच येत होता.

हे का झालं ते समजलं तर बाकीचं मी न सांगताही करशील. आपली पिकअप मासळी नेते. पूर्णगडाहून पावसमार्गे रत्नागिरीला जाईपर्यंत क्रेटमधला बर्फ वितळत असतो. ते मिठाचं, माशांच्या रक्ताचं पाणी हौद्याच्या फटीतून थेंबथेंब टाकीच्या टपावर पडतं. वर चिऱ्याच्या रस्त्याची धूळ बसते आणि त्याचा चिखल होतो. स्वयंपाकघरातलं जाड मीठ पावसाळ्यात बरणीतल्या बरणीत पाझरतं, ते तू पाहिलंयस. टाकीवरचं मीठही तेच करतं, हवेतला ओलावा ओढून घेतं. मुचकुंदीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाच्या गाडीला पावसाचीही गरज नाही, नुसती दमट हवा पुरते. ओला झालेला पत्रा सुकला तर वाचतो. ओलाच राहिला की गेला.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या गाडीला टाकी बदलली तेव्हा पट्टा पत्र्यावर घासू नये म्हणून मी मध्ये गोणपाट घातलं. मऊ होतं, फुकट होतं, घट्टही बसलं. दोन पावसाळ्यांत त्या गोणपाटाने टाकीला चिंब पोटीस बांधून ठेवलं आणि बरोबर त्याच रेघेत पत्रा कापल्यासारखा गेला. तेव्हापासून पाणी पिणारी कुठलीही वस्तू मी टाकीला लागू देत नाही. गोणपाट नको, नमदा नको, स्पंज नको. पट्ट्याच्या रुंदीपेक्षा थोडी रुंद, सलग, कडक रबराची पट्टी घे. ट्यूब कापून घालणार असशील तर एकच पदर घाल, घडी नको. घडीत पाणी बसतं.

आता रंगाचं. कारखान्यातून येतो तो काळा रंग गाडी दुकानाबाहेर पडेपर्यंतचा, आपल्या किनाऱ्याला तो पुरत नाही. आधी सगळी तोंडं बंद कर. फ्लोटचं भोक, पाईपची तोंडं, श्वासनळी, सगळ्यांना टोपण किंवा टेप. मग बारीक पॉलिश पेपर हलका फिरव, रंगाची चकाकी जाईपर्यंतच, खालचा पत्रा उघडा पडेस्तोवर नाही. थिनरच्या फडक्याने पूस आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नकोस. तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात म्हणून कुणी टाकीलाही आंबट लावायला सांगेल, ऐकू नकोस. सांध्यात राहिलेलं आम्ल रंगाखाली काम करत राहतं.

प्रायमर इपॉक्सीचा घे, दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा. नुसत्या रेड ऑक्साईडवर भरवसा ठेवू नको, तो घराच्या खिडकीच्या गजाला ठीक. आणि पेंटर घाईत असतो म्हणून हे तू स्वतः कर: फवारा मारण्याआधी लहान ब्रशने टाकीचे सगळे सांधे, कडा आणि वेल्डिंगची रेघ एकदा रंगवून घे. कडेवरून रंग मागे ओढला जातो, तिथे थर सगळ्यात पातळ बसतो आणि गंज नेमका तिथूनच आत शिरतो. मग पूर्ण टाकीवर दोन हात, वर काळा चासिस पेंट. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू दे. मृग लागायच्या आत हे उरकायला हवं, नाहीतर दमट हवेत ओलावाच रंगाखाली कोंडशील. खालून जाड डांबरी कोटिंग मारून देतो म्हणतील, तेही मला पटत नाही. त्याला एक चीर गेली की पाणी आत राहतं आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही.

एक जागा मात्र रंगवायची नाही. अर्थिंगची वायर बसते तिथे पत्रा उघडाच हवा, नाहीतर काटा डिझेल दाखवणार नाही. नट आवळून झाला की वरून व्हॅसलीन लाव.

गावातल्या पत्रेवाल्याकडून जस्ताच्या पत्र्याची टाकी बनवून घे, गंजणार नाही, असं कुणी सुचवलं होतं म्हणालास. बाहेरून खरं आहे. पण आतून जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरतं आणि ती घाण फिल्टर, नोझलपर्यंत जाते. डिझेलला ती टाकी नकोच.

आतल्या गंजाचीही काळजी घे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी पडवीशेजारी उभी. तेव्हा टाकी अर्धी ठेवू नकोस, काठोकाठ भर. रिकाम्या जागेतली हवा रात्री गार होते, पत्र्याला आतून दव सुटतं. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे पाण्याहून हलकं. त्यामुळे ते पाणी तळाला जाऊन बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर धरतो, तो सजीव असतो आणि पत्राही खातो. म्हणून महिन्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं घे आणि उजेडात धर. खाली वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोड.

हौद्याखाली टाकीच्या वर एक रबरी शीट उतरती लाव, टाकीपासून दोन बोटं मोकळी, म्हणजे वारा खेळेल. बर्फाचं पाणी नळीने मागच्या चाकामागे काढ. आणि मासळीची खेप झाली की घरी येऊन टाकी वरून धू, हौदा आणि टाकीच्या मधल्या फटीत पाईप घालून. पाणी आधी जिभेला लावून बघ. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलंस तर मिठावर मीठ. तेव्हा वरच्या वाडीतून एक पिंप आण.

चढवायच्या दिवशी मला हाक मार, पट्टे आपण दोघं मिळून आवळू. आठवड्याने रबर बसतं, तेव्हा परत एकदा पाना लावायचा.

जुनी टाकी भंगारवाल्याला देशील तेव्हा त्याला तोंडाने सांग की ही डिझेलची आहे, गॅस कटर लावू नकोस. रिकामी दिसते, पण आत वाफ असते. तिला डाग मारून कुणी वापरायला मागितली तरी देऊ नकोस.