ग्लोबलगॅपची वही एप्रिलमध्येच उघडा

निर्यातीच्या द्राक्षाला ग्लोबलगॅपचा, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचा, दाखला हवा असेल, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीला जागं होऊन भागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीलाच नोंदवही उघडा. पहिल्या तपासणीआधीच्या निदान तीन महिन्यांच्या नोंदी तपासनीस मागतो. त्या एका रात्रीत बसून लिहिलेल्या असतील, तर शाई आणि अक्षरावरूनच कळतं.

एकट्याने दाखला घेणं छोट्या बागायतदाराला महाग पडतं, गट करा. 25 जणांच्या गटात बाहेरचा तपासनीस वर्गमुळाच्या हिशोबाने 5 बागा पाहतो, गटाने मात्र दरवर्षी सगळ्या 25 तपासायच्या. एकाची चूक सगळ्यांना भोवते. म्हणून माणूस घेताना त्याची बाग बघाच, पण त्याआधी वही बघा.

सातबारा घेऊन कृषी खात्याकडे ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी नोंदणी प्रणालीवर प्लॉटची नोंदणी करा. माती-पाण्याची तपासणी करून अहवाल फाइलला लावा. औषधांची खोली कुलूपबंद आणि हवेशीर हवी. भुकटी वरच्या फळीवर, द्रवरूप औषधं खाली, म्हणजे गळलं तरी भुकटीवर सांडत नाही. रिकामे डबे तीनदा विसळून भोकं पाडा. मजुरांसाठी संडास आणि हात धुवायला साबण-पाणी ठेवा.

आता खरं काम: फवारणीची नोंद. तारीख, प्लॉट, औषधाचं नाव आणि त्यातला मूळ घटक, रोग कोणता, प्रमाण, पाणी किती, ब्लोअर कोणी चालवला, काढणीपूर्व किती दिवस थांबायचं. हे सगळं त्याच संध्याकाळी लिहा. दुकानाचं बिल शेजारी चिकटवा. बिलात दोन लिटर आणि वहीत एक, तर उरलेला लिटर खोलीत दिसला पाहिजे. 2010 मध्ये सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हापासून तरी अशा संजीवकांची नोंद 'ते काय औषध थोडंच' म्हणून सोडू नका.

तपासणीआधी ग्लोबलगॅपच्या मुद्द्यांची यादी स्वतः भरा. मुख्य मुद्दे शंभर टक्के जमले पाहिजेत, दुय्यम 95 टक्के.

काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन औषधांचे अंश तपासायला नमुना घेतो. त्यानंतर पंप बंद. अहवाल हातात आल्यावरच कात्री लावा आणि प्रत्येक क्रेटवर प्लॉटचा क्रमांक टाका. शेजारच्या प्लॉटचा एक घडही त्यात जाऊ देऊ नका.